ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं

आत आलेल्या माणसाला सर आधी बाहेर पडायची वाट दाखवायचे. "हे पुढचं दार, दुकानातून. हे मागचं, गल्लीत उघडतं. कडी नाय, नुसतं ढकलायचं. आग लागली तर इथून जायचं. माझं बोलणं आवडलं नाय तरी इथूनच." मग समोरच्याला खुर्ची द्यायचे, दाराकडे तोंड करून, आणि स्वतः बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे.

समुपदेशनाच्या खोलीत आग लागण्यासारखं काय असतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आपण अडकलो असं वाटलं की माणूस फक्त दार शोधत बसतो, ताई. दार आधीच दाखवलं की मग बोलतो."

पेणला माझं मेडिकलचं दुकान आहे. मागे एक खोली आहे, तिथे मी सलाईनची आणि डायपरची खोकी ठेवायची. ती खोली मागायला ते आले तेव्हा मी त्यांना ओळखतही नव्हते. राहायला रोह्याला, मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीने येणार, मन ठीक नसलेल्या माणसांशी बोलणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार.

मी म्हटलं, "तुम्ही मागे माणसं रडवणार. पुढे माझं गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"रडलं की डोकं दुखतं. गोळी तुमच्याकडूनच घेतील."

मी खोली दिली. मी दुकानदार बाई आहे, मला दुकानदाराला पटेल असं उत्तर मिळालं होतं.

साठी ओलांडलेली, अंगाने बारीक. इस्त्रीचा शर्ट आणि पायात कंपनीचे, पुढे लोखंड असलेले जाड बूट. एप्रिल-मेच्या घामातसुद्धा तेच. आलेली माणसं पडद्याबाहेर चपला काढायची, हे मात्र बुटांसकट आत. माझी झाडूवाली बाई त्यावरून रोज कुरकुरायची. एकदा तिने तोंडावर सांगितलं तर तिच्या हातातला झाडू घेऊन स्वतः खोली झाडली, पण बूट काढले नाहीत. कोणी 'डॉक्टर' म्हटलं की लगेच सांगायचे, "डॉक्टर नाय. फिटर." मग लोक 'सर' म्हणायला लागले, मीसुद्धा.

'कसं वाटतंय' हा प्रश्न त्यांनी कधी कोणाला विचारला नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काल रात्री काय जेवलात? कोणी वाढलं?" त्याचं कारणही त्यांच्याकडे होतं. कसं वाटतंय म्हटलं की माणूस 'बरंय' म्हणून मोकळा होतो. काय जेवलात म्हटलं की खोटं रचायला जरा वेळ लागतो, आणि कोणी वाढलं याच्यात अख्खं घर बाहेर येतं. खोलीच्या कोपऱ्यात पाण्याची बादली, तांब्या आणि धुतलेला पंचा असायचा. रडणाऱ्याला ते थांबवत नसत आणि थोपटतही नसत. रडून झालं की म्हणायचे, "तोंडावर पाणी मारा, मग पुढचं बोलू."

दुसरा प्रश्न कंपनीतला. "या आठवड्यात नियर मिस काय झालं?" कंपनीत म्हणे अपघात झाला तर सांगायचाच, पण होता होता राहिला तोही सांगायचा, आणि सांगणाऱ्याला कोणी ओरडायचं नाही. ते समजावून द्यायचे, "वरून पाना पडला आणि डोक्यात बसला तर अपघात. बाजूला पडला तर नियर मिस. बाजूला पडलेला पाना तुम्ही लपवलात तर उद्या तो डोक्यावरच पडणार." हळूहळू खाडीपट्टीच्या बायकासुद्धा माझ्या काउंटरशी तो शब्द वापरायला लागल्या. "काल नियरमिस झाला गो. पोरावर हात उचललेला, तसाच खाली घेतला." हे सांगताना चेहरा असा, जणू बक्षीस मिळालंय. सर ते ऐकून फक्त मान हलवायचे, काम नीट झाल्यावर मिस्त्री हलवतो तशी.

आता ती खोली परत खोक्यांची झाली आहे, पण माझ्या काउंटरच्या आणि पडद्याच्या मधला एक स्टूल मी अजून हलवलेला नाही. तो 'स्टँडबाय'चा. त्याची गोष्ट अशी.

खाडीकडच्या गावातली एक तरुण बाई आली. मूल चार महिन्यांचं, बाळंत झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. बरोबर नवरा. सर तिला विचारणार आणि उत्तर नवरा देणार. काय जेवलीस? "भाकरी खाल्लान तिनं, मी बघितलंय." झोप येते का? "कशी येल? मोबाईल घेऊन बसते." सरांनी त्याला उठवलं, बाहेर आणलं आणि त्या स्टुलावर बसवलं.

"टाकीत माणूस उतरला की तोंडाशी एक माणूस ठेवतात. त्याला स्टँडबाय म्हणतात. त्याने आत जायचं नाय, जागा सोडायची नाय, चहाला जायचं नाय. मधून मधून हाक मारायची. आतून आवाज आला की झालं."

"मी काय वॉचमन हाय का?"

"वॉचमनपेक्षा मोठा. वॉचमन झोपतो."

तो तोंड वाकडं करून बसला. थोड्या वेळाने ओरडला, "हाय का गो?" आतून, "हाय." दुकानातली दोन गिऱ्हाईकं हसली. परत थोड्या वेळाने, "हाय का गो?" "हाय." तिसऱ्यांदा मात्र आतून काहीच आलं नाही. तो ताडकन उठला. मी दंडाला धरून खाली बसवला. "आत जायचं नाही, सांगितलंय ना?" त्याचा चेहरा उतरला होता. "हाय का गो?" त्याचा आवाज या वेळी वेगळा होता. बऱ्याच वेळाने आतून आलं, "हाय. रडतेय जरा."

तो खाली बघत मला म्हणाला, "घरी नाय रडत कधी."

"घरी विचारतं कोण?" मी म्हटलं. पुढच्या वेळी आला तो सरळ स्टुलावर जाऊन बसला.

सर या कामात कसे आले ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही उभ्या उभ्या, गाडी लेट होती म्हणून. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ते मेन्टेनन्सचे फोरमन होते. तिथे एक नियम होता. दुरुस्तीसाठी जो मशीनच्या आत उतरेल त्याने मशीनच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. तीन माणसं उतरली तर तीन कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच चालू होणार नाही. आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा.

"शिफ्ट सुटली तरी एक कुलूप राहिलं होतं," ते म्हणाले. "सगळे म्हणाले, काढायला विसरला, घरी गेला. वरून फोनवर फोन. मी कटर मागवला."

मी हातातली औषधाची पट्टी खाली ठेवली.

"आत होता तो," ते म्हणाले.

शिक्षा झाली का, असं मी विचारलं. माझा स्वभावच तसा. ते म्हणाले, जी व्हायची ती झाली, ती संपलीसुद्धा. नोकरी सुटल्यावर दोन वर्षं ते घरात बसून होते. "घरात येणारा प्रत्येक जण विचारायचा, चहा घेणार का. मरायचंय का, हे कोणी विचारलं नाय. सगळ्यांना वाटायचं, विचारलं तर सुचेल. मला तर रोज सुचत होतं. शेवटी एका डॉक्टरने विचारलं, सरळ. तेव्हा पहिल्यांदा मी नीट जेवलो." मग पन्नाशीनंतर अभ्यास केला, परीक्षा दिल्या, मुंबईच्या एका इस्पितळात शिकले. सर्टिफिकेट त्यांनी कुठे लावलं नव्हतं. मी मागितलं तेव्हा पिशवीतून काढून दाखवलं आणि परत पिशवीत ठेवलं. गाडी आल्याचं कोणीतरी सांगितलं, आणि ते गेले.

हे सगळं मला माहीत होतं म्हणूनच माझ्या भावाला मी त्यांच्याकडे नेलं.

महेश माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. कासूला राहतो, घरात बायको रेखा आणि आई. एसटीत ड्रायव्हर. वडखळच्या पुढे एक स्कूटरवाला खडीवर घसरला आणि महेशच्या गाडीच्या मागच्या चाकाखाली आला. चौकशीत महेशची चूक नाही असं ठरलं. लोक पेढे मागायला आले. त्याने तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. कामावर जात नव्हता, बोलत नव्हता, दाढी करत नव्हता; रोज कासू स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचा. आई म्हणायची, हवा खायला जातो. मालगाड्या बघत हवा कोण खातो?

सरांनी त्याला दारं दाखवली, जेवणाचं विचारलं आणि मग माझ्यासमोरच विचारलं, "स्टेशनवर बसतोस तेव्हा मरायचा विचार येतो का?"

महेशने आपल्या नखांकडे बघितलं. मग म्हणाला, "येतो."

"रोज?"

"रोज नाय. पण येतो."

"बरं झालं सांगितलंस," सर म्हणाले, आणि पुढचं सगळं त्यांनी भराभर केलं. त्याच आठवड्यात त्याला घेऊन स्वतः पनवेलच्या मानसोपचार डॉक्टरांकडे गेले. "औषध त्यांचं, बोलणं माझं. एकाने भागत नाय." रेखाला सांगितलं, याने स्टेशनवर जायचं तर कोणी बरोबर हवं. मग कासूच्या घरी आले, घर फिरून बघितलं, परसातलं फवारणीचं औषध आणि उंदराचं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढायला लावलं. राहिल्या गोळ्या. आईच्या बीपीच्या आणि आता महेशच्या. त्या लोखंडी कपाटात ठेवल्या.

पिशवीतून त्यांनी एक लाल लोखंडी पकड काढून कपाटाला अडकवली. एकाच कडीत पाच-सहा कुलपं अडकतील अशी, कंपनीतली. आणि तीन कुलपं. एक आईच्या हातात, एक रेखाच्या आणि एक महेशच्या.

मी त्यांना ओट्यावर बोलावलं. "ज्याच्यापासून जपायचं त्यालाच चावी?"

"तिन्ही असल्याशिवाय उघडत नाय."

"मग त्याची कशाला? दोघींची पुरे. नाहीतर मी दुकानातून रोजच्या रोज गोळ्या पाठवते."

"म्हणजे आईची गोळी तुमच्यावर. मग तो घरात कोण?" त्यांनी बुटाने ओट्यावरचा एक खडा बाजूला केला. "आत उतरलाय तो, ताई. पहिलं कुलूप त्याचंच लागतं."

जास्तीच्या चाव्या त्यांनी रुमालात बांधून रोह्याला नेल्या.

तेव्हापासून रोज सकाळी तिघं कपाटासमोर. आई आंघोळ करून, रेखा पिठाच्या हातांनी, आणि महेश अंथरुणातून उठून, कारण तो उठला नाही तर आईला गोळी नाही. पहिले दिवस तो नुसता चावी फिरवायचा आणि परत जाऊन पडायचा. आई मला फोनवर सांगायची, "बँकेचा लॉकर उघडतात तसं चाललंय गो. आत काय, तर माझी चपटी गोळी." पण ती मुद्दाम हळूहळू आंघोळ उरकायची असं रेखा म्हणायची, म्हणजे तो उभा राहतो तेवढा वेळ.

दोन महिन्यांनी मामांच्या घरी हळद आली. तिघांनी जायचं ठरलं होतं. निघताना महेश म्हणाला, मला गर्दी नको, तुम्ही जा. आईने आपल्या दोन दिवसांच्या गोळ्या पिशवीत घेतल्या, महेशच्या तेवढ्याच बाहेर ठेवल्या, कपाट तिघांनी बंद केलं, आणि मग आईने जे केलं ते आमच्या घरात जन्मापासून चालत आलेलं आहे. घरात माणूस मागे राहणार असेल तर चावी बाहेर न्यायची नाही. नेली तर त्याच्यावर विश्वास नाही असा अर्थ होतो. आईने कनवटीची चावी काढून महेशच्या हातावर ठेवली. सासूने ठेवली म्हटल्यावर रेखाला आपली लपवता येईना, तिनेही ठेवली. ठेवताना तिचं मन खात होतं, पण सासूसमोर नवऱ्याचा असा अपमान कसा करायचा? दोघी हळदीला गेल्या.

दुपारी मी एका म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध देत होते, तर महेश काउंटरशी. घामाने शर्ट चिकटलेला. मूठ पुढे केली आणि उघडली. तीन चाव्या.

"ताई, या ठेव."

"कुठून आल्या?"

"आईने दिली. रेखानेपण."

"आणि तू इथे कसा?"

"स्टेशनवर गेलो. गाडी आली, बसलो."

त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि सरांना फोन लावला. बुधवार होता, ते रोह्याला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कुठे आहे, आणि दाराशी कोण आहे. मी म्हटलं, मी. "मग स्टूल घ्या आणि बसा. हाक मारत राहा. निघालो."

मी स्टुलावर बसले. "महेश?" "हाय ग." गिऱ्हाईक आलं की उठून औषध द्यायचं, पडद्याकडे तोंड करून. "महेश?" "हाय." एका बाईने विचारलं, आत कोण आजारी आहे का? मी तिला सुटे पैसे दिले आणि परत हाक मारली. त्या दिवशी दुकानात आलेल्या सगळ्यांना वाटलं असणार की या बाईचं डोकं फिरलंय.

सर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले, हायवेच्या धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. शाबासकी नाही, ओरडणं नाही. मला म्हणाले, तुम्हीही बसा आत, हा नको म्हणत नसेल तर. तो नको म्हणाला नाही.

"क्रमाने सांग."

महेशने सांगितलं. दोघी गेल्यावर तो बराच वेळ ओट्यावर बसला. मग आत गेला. आईचं कुलूप उघडलं. रेखाचं उघडलं.

"आणि तुझं?"

"राहिलं."

"का राहिलं?"

"चावी लावली होती." त्याने चिमूट पुढे करून दाखवली. "आईचं उघडलं तेव्हा वाटलं, तिनेच दिलीय चावी. रेखाचं उघडलं तेव्हापण तसंच. माझं उघडताना कोणाचं नाव घेणार? माझंच होतं ते." मग म्हणाला, "घाबरलो. दोन्ही परत लावली आणि पळालो."

"कोणी थांबवलं?"

"घरात कोणी नव्हतं."

"तेच विचारतोय," सर म्हणाले.

महेशने वर बघितलं. त्यानंतर तो बोलायला लागला. वडखळच्या त्या दिवसाबद्दल, पहिल्यांदा. त्या स्कूटरवाल्याच्या हँडलला भाजीची पिशवी होती. मेथी होती, रस्ताभर झाली होती. ती कोणीतरी उचलायला हवी होती, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सर ऐकत राहिले. बादलीतलं पाणी त्या दिवशी संपलं.

संध्याकाळी चाव्यांचा प्रश्न आला. मी म्हटलं, तिन्ही माझ्याकडे राहतील. सर म्हणाले, "दोन ज्यांच्या त्यांना हा स्वतः देईल. तिसरी याची."

"आणि चुकलं तर?"

"चुकू शकतं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "म्हणून पनवेलच्या डॉक्टरांना आत्ता फोन करतो, उद्या दाखवून आणू. म्हणून तुम्ही आज त्याच्याबरोबर कासूला जायचं, दोघी परत येईपर्यंत राहायचं. मलापण झोप येणार नाय. पण त्याचं कुलूप मी काढणार नाय, ताई. तुम्हीपण नाय."

मी शटर ओढलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून परतलो तर आई आणि रेखा आलेल्या, हळदीने हात पिवळे. सगळं ऐकून आईने कपाळाला हात लावला. "माझं काय चुकलं? घरात माणूस असताना चावी कोण बाहेर नेतं?"

महेशने रेखाची चावी रेखाला दिली, आईची आईच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटली. "माझ्यासाठी तुझ्याकडे ठेव, आई. मी मागितली तरी देऊ नको." त्या अपघातानंतर त्याने घरात कोणाकडे काही मागितलं ते पहिल्यांदा.

हे सगळं झटक्यात बरं झालं असं सांगणारी मी नाही. मधे वाईट आठवडे आले, डॉक्टरांनी औषध दोनदा बदललं. वर्षभराने तो डेपोत परत गेला, गाडीवर नाही, वर्कशॉपमध्ये. सरांचे गुडघे तोवर बोलायला लागले होते; त्यांचं पेणला येणं बंद झालं, महेश सुट्टीच्या दिवशी रोह्याला जायचा. गोळ्या कमी झाल्या. कपाटासमोर तिघं उभं राहणं मात्र चालूच होतं. बास झालं आता, असं कोणी म्हणालं नाही, कारण म्हणायचं कोणी हे ठरलेलं होतं.

एका सकाळी रेखाचा फोन आला. आवाज दबलेला. दोघी आईची गोळी काढायला गेल्या तर पकडीत दोनच कुलपं. तिसरं कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेलं. महेश कामावर गेलेला.

"वन्सं, परत लावू का?"

"हात लावू नको," मी म्हटलं आणि रोह्याला फोन लावला.

सरांनी ऐकून घेतलं. "कोणी काढलं?"

"त्यानेच."

पलीकडे आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं, फोन कानापासून काढून बघितला, तर चालू होता.

"रेखाने नीट बघितलंय ना?" ते म्हणाले. "तोडलेलं नाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "चावीने उघडलंय."